वीस घरांची बेने इस्राएल जमात आणि वर्षभराचं शिक्षण: कार्यक्रम कसा आखावा

प्रश्न थोडक्यात असा: कोकणपट्टीतल्या एका सिनेगॉगाशी (यहुदी प्रार्थनागृहाशी) जोडलेली वीसेक बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुद्यांची, घरं आहेत. मुलं आठ-दहा, त्यातली निम्मी ठाण्या-मुंबईत शिकतात. चार-पाच वडीलधाऱ्यांना प्रार्थना नीट म्हणता येतात, दोघी-तिघी आज्यांना जुनी मराठी गाणी येतात. हिब्रू, सण, मलिदा (गोड पोह्यांच्या ताटाचा आभारविधी), कीर्तन, इतिहास, स्वयंपाक असं सगळं असलेला वर्षभराचा कार्यक्रम करायचा आहे. सुरुवात कुठून करावी, आणि तो दोन महिन्यांत बंद पडू नये म्हणून काय करावं?

बहुतेक ठिकाणी सुरुवात हिब्रूच्या वर्गापासून होते आणि तिथेच कार्यक्रम संपतो. सहाव्या-सातव्या अक्षरापाशी मुलं गळतात, कारण घरी त्या अक्षरांना कुणी ओळख देत नाही. त्यापेक्षा जे घरात आधीच मराठीत आहे तिथून सुरू करा. सणांची जुनी नावं, मलिद्याचं ताट, आजीची गाणी, अनुवादासकट छापलेल्या प्रार्थना. हिब्रू मग त्यातून येते आणि टिकते, कारण तिला बसायला जागा मिळालेली असते.

पहिली बैठक नावांची ठेवा. नव्याचा सण म्हणजे रोश हशाना (यहुदी नववर्ष), दारफाळणीचा सण म्हणजे योम किप्पूर (प्रायश्चित्ताचा उपास), त्याच्या दुसऱ्या दिवशीचा शिळा सण, होळीचा सण म्हणजे पुरीम (एस्तेर राणीचा सण), अनाशी ढाकण्याचा सण म्हणजे पेसाह (मिसरातून सुटकेचा सण), बिरड्याचा रोजा म्हणजे तिशा बेआव (मंदिरांच्या विध्वंसाचा उपास). घराघरांत उच्चार थोडे बदलतात. जसे ऐकू येतील तसे लिहून घ्या, दुरुस्त करत बसू नका. या यादीत हनुक्का, म्हणजे आठ रात्रींचा दिव्यांचा सण, नाही हे मुलांच्या लगेच लक्षात येतं, आणि तोच इतिहासाचा पहिला धडा होतो. हनुक्काची घटना इ.स.पू. दुसऱ्या शतकातली. पूर्वज इस्राएलच्या भूमीतून त्याआधीच निघाले असावेत, असा तर्क जमातीत याच गोष्टीवरून मांडला जातो. तर्क आणि पुरावा यांतला फरकही इथेच सांगून टाका. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, ही परंपरेने आलेली कथा आहे. ती कथा म्हणून पूर्ण आदराने सांगावी. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं, ही मात्र त्या समाजाच्या आठवणीतली ठोस खूण आहे.

आता सुरू करण्याची वेळ. रोश हशानाला आरंभ करावासा वाटणं स्वाभाविक आहे, पण तिशरी या हिब्रू महिन्यात तीन आठवडे सणांवर सण येतात. त्यातच गणपती-नवरात्राच्या सुट्ट्या नि शाळेच्या सहामाही परीक्षा. माणसं थकतात आणि पुढची बैठक होतच नाही. त्यातला शेवटचा सण सिमहाथ तोरा झाल्यावर हेश्वान महिना येतो. त्यात एकही सण नाही, साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर. तिथून सुरू केलं की हनुक्कापर्यंत सहा-सात मोकळे रविवार मिळतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षा असतात आणि त्यांना लागूनच पुरीम-पेसाह येतात. त्यामुळे दहावी-बारावीच्या मुलांवर त्या दोन महिन्यांत कोणतंही काम टाकू नका.

वार रविवारच धरा. शब्बाथला माणसं आपोआप जमतात म्हणून शनिवारी कार्यशाळा ठेवण्याचा मोह होतो. पण लिहिणं, शिजवणं, वाद्य वाजवणं, ध्वनिमुद्रण, फोटो यांतलं काहीच त्या दिवशी करायचं नसतं. शनिवारी फक्त तोंडी गोष्टी ठेवा: त्या आठवड्याच्या पराशाची (तोरातल्या नेमलेल्या भागाची) मराठीतून दहा मिनिटं ओळख आणि किद्दूशनंतर (पेल्यावर म्हणायच्या आशीर्वादानंतर) एखादं गाणं. आणखी एक. प्रार्थनेच्या काही भागांना दहा जणांचा मिन्यान लागतो, शिकण्याला लागत नाही. चार माणसं आली तरी बैठक घ्यायची, हे पहिल्याच दिवशी ठरवून टाका. ‘आज संख्या नाही’ म्हणून एकदा रद्द केली की पुढच्या वेळी तीनच येतात.

बैठक नव्वद मिनिटांची पुरे. वीस मिनिटं वाचन, पंधरा मिनिटं गाणं, चाळीस मिनिटं हाताने काहीतरी करणं, उरलेला वेळ खाणं आणि आवराआवर. व्याख्यान मध्ये आणलंत की मुलं पुढच्या रविवारी क्रिकेटला जातात. शिकवायची सगळी जबाबदारी हजानांवर (प्रार्थना चालवणाऱ्यांवर) टाकू नका, ही माझ्या मते सर्वांत मोठी चूक असते. १९८० मध्ये इंग्लंडात सुरू झालेल्या ‘लिम्मूद’ चळवळीची एक रीत इथे लागू पडते: जो शिकवतो तो दुसऱ्या तासाला शिकायला बसतो. बिरडं करणाऱ्या काकूंनी हिब्रूच्या तासाला मुलांशेजारी बसावं आणि हजानांनी काकूंच्या तासाला वाल सोलावेत. मुलांवर याचा परिणाम कुठल्याही बक्षिसापेक्षा जास्त होतो.

हिब्रूचा तास बैठकीच्या वाचनाच्या वीस मिनिटांतच बसवा. आलेफ-बेत, म्हणजे हिब्रू मुळाक्षरं, क्रमाने शिकवू नका. शेमा या मुख्य प्रार्थनेपासून सुरू करा. ‘शेमा इस्राएल अदोनाय एलोहेनू अदोनाय एहाद’ हे सहा शब्द प्रत्येक घरात पाठ असतात. त्या सहा शब्दांत २२ पैकी १२ अक्षरं येतात. आवाज आधीच माहीत असल्यामुळे मूल अक्षराला आवाज जोडत नाही, ओळखीच्या आवाजाला अक्षर जोडतं. हे खूप सोपं जातं. दर बैठकीला तीन अक्षरं घेतली तर चार रविवारांत हा भाग होतो. उरलेल्या दहांना आणखी चार, आणि काफ, मेम, नून, पे, त्सादी यांच्या शब्दाच्या शेवटी बदलणाऱ्या रूपांना एक.

घोटाळा होतो तो सारख्या दिसणाऱ्या जोड्यांत: बेत-काफ, दालेत-रेश, हे-हेत, वाव-झाइन, समेख आणि शेवटचा मेम. या जोड्या एकाच दिवशी कधीच शिकवू नका. पहिलं अक्षर पक्कं झाल्यावर दोन आठवड्यांनी दुसरं आणा आणि मगच शेजारी ठेवून फरक दाखवा. दालेत-रेशसाठी शेमाच वापरा. तोराच्या गुंडाळीत ‘शेमा’मधला अयिन आणि ‘एहाद’मधला दालेत मोठ्या आकारात लिहितात. दालेतचा कोपरा गोल झाला तर ‘एहाद’ म्हणजे ‘एक’चं ‘आहेर’ म्हणजे ‘दुसरा’ होतं. देव एक आहे याऐवजी दुसरा आहे असं वाचलं जाईल, एवढं सांगितलं की तो कोपरा मुलं जन्मभर विसरत नाहीत.

स्वरचिन्हांच्या बाबतीत मराठी मुलं नशीबवान आहेत. काना-मात्रा-वेलांटी त्यांना आधीच कळते, त्यामुळे व्यंजन वेगळं आणि स्वराची खूण वेगळी ही कल्पना समजावावी लागत नाही. हिरिक म्हणजे आपली इकाराची वेलांटी, शेवा बऱ्याचदा पाय मोडल्यासारखा आणि कधी अर्धवट ‘ए’सारखा. अडचण वेगळीच येते. खूण अक्षराच्या खाली असल्यामुळे आणि वाचन उजवीकडून डावीकडे असल्यामुळे मुलं आधी स्वर म्हणतात, ‘बा’चं ‘आब’ होतं. त्यावर उपाय बोटाचा: बोट आधी अक्षरावर, मग खाली खुणेवर, मग डावीकडे. तीन आठवडे बोट सोडू द्यायचं नाही.

देवनागरीत लिहिलेल्या हिब्रू प्रार्थना मोठ्यांसाठी उपयोगी आहेत, त्या काढून घेऊ नका. मुलांना मात्र देवनागरी ओळ पानाच्या मागच्या बाजूला द्या. समोरासमोर दिली की डोळा तिकडेच जातो आणि वर्षभरात एक अक्षरही येत नाही. उच्चाराबद्दल एक निर्णय आधी घ्यावा लागतो. वडीलधारी ‘शब्बाथ’, ‘शावुओथ’, ‘ब्रिथ’ म्हणतात. आजच्या इस्राएलच्या बोलण्यात ‘शब्बात’, ‘शावुओत’, ‘ब्रित’ आहे. प्रार्थनेत जमातीचा जुना उच्चार ठेवा आणि बोलचालीची हिब्रू शिकवायची असेल तर ती वेगळी वेळ काढून नव्या उच्चाराने शिकवा. दोन्ही मिसळले की मुलाला आजोबा चुकतात असं वाटू लागतं, आणि ते नुकसान अक्षरांपेक्षा मोठं आहे.

छापील कागदांबाबत सुरुवातीलाच सांभाळा. देवाचं चार अक्षरी नाव हिब्रूत पूर्ण छापलेला कागद रद्दीत टाकता येत नाही, तो गेनिझासाठी (अशा कागदांच्या साठ्यासाठी) जपून ठेवावा लागतो किंवा कब्रस्तानात पुरावा लागतो. सरावाच्या पानांवर पूर्ण नाव छापू नका, त्या जागी फक्त ‘हे’ अक्षर नि वर एक टिंब पुरेसं असतं. आशीर्वादांची तालीम करतानाही ‘अदोनाय’ऐवजी ‘हाशेम’, म्हणजे ‘ते नाव’, म्हणायचं. वापरलेली पानं जमा करायला एक पेटी पहिल्याच दिवशी ठेवा.

हिब्रूला एक जवळचं ध्येय द्या. पुरीमला एस्तेरची मेगिल्ला (गुंडाळीवरचा ग्रंथ) वाचताना आठव्या अध्यायातली सोळावी ओवी सगळी मंडळी मोठ्याने म्हणते: ‘लय्येहूदीम हायथा ओरा वेसिम्हा वेसासोन विकार’, यहुद्यांना प्रकाश, हर्ष, आनंद आणि मान लाभला. सहाच शब्द आहेत. हेश्वानमध्ये सुरू केलेलं मूल पुरीमपर्यंत ते कागदावरून, देवनागरी न पाहता वाचू शकतं. ‘वर्षभरात सिद्दूर (प्रार्थनापुस्तक) वाचता येईल’ असं आश्वासन देऊ नका. आठवड्याला वीस मिनिटांत ते होत नाही आणि पालकांचा विश्वास जातो.

किसलेव महिना आला की हनुक्का आणि कीर्तन एकत्र घ्या, कारण त्यांचं एक सुंदर जुळणं आहे. हनुक्काच्या शब्बाथला जो पराशा येतो तो जवळजवळ दरवर्षी योसेफच्या गोष्टीतला असतो. आणि योसेफचं आख्यान हे बेने इस्राएल कीर्तनाचं लाडकं आख्यान. आपल्या लोकांनी १८८० च्या सुमारास मराठी कीर्तनाचा साचा उचलला. नमन, ओवी, साकी, दिंडी, अभंगाच्या चाली तशाच ठेवून आख्यान मात्र तनाखातलं, म्हणजे हिब्रू धर्मग्रंथातलं, घेतलं. हिब्रू न समजणाऱ्या बायकांना आणि मुलांना मोशे, एस्तेर, अब्राहाम आपल्या भाषेत पोचले ते त्यातून. म्हणून हा भाग ‘सांस्कृतिक कार्यक्रम’ म्हणून शेवटी चिकटवू नका. तो शिक्षणाचा गाभा आहे.

पूर्ण कीर्तन दोन-अडीच तासांचं असे. तुम्ही पस्तीस मिनिटांचं करा. बेरेशीथच्या (उत्पत्तीच्या पुस्तकाच्या) ३७ ते ४५ या अध्यायांतून चारच प्रसंग: रंगीत झगा, खड्डा, तुरुंगातली स्वप्नं, भावांना ओळख देणं. नमन तीन मिनिटं, मग प्रत्येक प्रसंगाला पाच-सहा मिनिटांचं गद्य निरूपण आणि त्याला जोडून एक पद. निरूपण पाठ करायला लावू नका, मुद्दे देऊन बोलायला लावा. पदं मात्र तोंडपाठ हवीत. जुनी पदं वहीत असली तर त्यांतला एखादा शब्द आजच्या मुलांना कळणार नाही. तो बदलू नका, निरूपणात त्याचा अर्थ सांगा.

कीर्तन बसतं किंवा पडतं ते स्वराच्या पट्टीवर. पुरुषाने काळी एकमध्ये सुरू केलं की बायका-मुलांना ते फार खाली जातं आणि कोरस कुजबुजल्यासारखा ऐकू येतो. म्हणणाऱ्यांत मुली आणि स्त्रिया जास्त असतील तर काळी चार धरा आणि पुरुषांना खालच्या सप्तकात साथ करू द्या. पेटी, तबला आणि दोनच टाळजोड्या. आठ मुलांना आठ टाळ दिले की शब्द बुडतात. साधारण सहा तालमी लागतात. प्रयोग हनुक्काच्या रविवारी संध्याकाळी दिवे लावून झाल्यावर. वाद्यं आहेत म्हणून शब्बाथ टाळायचाच, शिवाय पेसाहनंतर ओमेरचे सात आठवडे मोजण्याच्या काळात काही घरं वाद्यसंगीत टाळतात. त्या दिवसांत पुढचा प्रयोग ठरवण्याआधी विचारून घ्या.

दिव्यांची तयारी मुलांकडे द्या. आठ रात्रींचे ३६ दिवे आणि रोजचा एक शमाश (इतर दिवे पेटवायचा दिवा), मिळून ४४. काचेच्या लहान पेल्यात खाली पाणी, वर खोबरेल आणि तरंगती वात ही आपली जुनी रीत. दिव्याला २० मिलिलिटर धरलं तर आठ रात्रींना एक लिटरच्या आसपास तेल लागतं. दिवा काळोख पडल्यावर निदान अर्धा तास जळायला हवा. शुक्रवारी मात्र हनुक्काचे दिवे शब्बाथच्या दिव्यांच्या आधी, सूर्य मावळण्यापूर्वी लावायचे असतात. त्या दिवशी तेल दुप्पट घाला, नाहीतर ते अंधार पडतानाच विझतात. पुण्याकडे डिसेंबरात खोबरेल थिजतं, साधारण २४ अंशांखाली ते गोठायला लागतं आणि वात तेल ओढत नाही. बाटली कोमट पाण्यात ठेवा किंवा थोडं तिळाचं तेल मिसळा.

शेवात महिन्याची पंधरावी, तू बिशवात, म्हणजे आपल्याकडे एलियाहू हन्नाबीची (एलिया संदेष्ट्याची) आठवण. अलिबागजवळच्या खंडाळ्याला ‘एलियाहू हन्नाबीचा टापा’ आहे. तिथल्या खडकावरच्या खुणा त्याच्या रथाच्या चाकांच्या आणि घोड्यांच्या टापांच्या मानल्या जातात. साधारण जानेवारी-फेब्रुवारीत येणारा हा दिवस हवेच्या दृष्टीनेही सहलीला उत्तम. नवगावचं स्मारक, अलिबागच्या इस्राएल आळीतलं मागेन आबोथ सिनेगॉग आणि खंडाळा एका दिवसात होतं. मुंबईहून येणाऱ्यांना गेटवे ते मांडवा बोट सोयीची. पावसाळ्यात ती बंद असते, म्हणूनही ही सहल हिवाळ्यातच ठेवा.

मलिदा मुलांच्या हातून करून घ्यायचा. पंचवीस जणांसाठी एक किलो जाडे पोहे, तीन नारळ खवून, चारशे ते पाचशे ग्रॅम साखर, दहा-बारा वेलच्या, थोडं जायफळ, मूठभर बदाम-पिस्ते-चारोळी. पोहे चाळणीत धुऊन पंधरा मिनिटं निथळत ठेवा, बोटाने दाबल्यावर मऊ लागले पाहिजेत पण एकमेकांना चिकटता कामा नयेत. पातळ पोहे घेतले की लगदा होतो. साखर अगदी शेवटी, प्रार्थनेआधी दहा मिनिटं घाला. आधी घातली तर नारळ आणि पोहे पाणी सोडतात आणि ताटाच्या कडेला पाक जमतो. सकाळी करून संध्याकाळपर्यंत ठेवायचा असेल तर नारळ वेगळा, थंडीत ठेवा. खोबरं चारेक तासांत आंबूस होतं.

ताटात मलिद्यावर गुलाबाच्या पाकळ्या, भोवती फळं, खजूर आणि सुवासासाठी सब्जाची पानं. इथे मुलांना आशीर्वादांतला फरक शिकवता येतो आणि तो ताटात डोळ्यांना दिसतो. खजूर, सफरचंद, द्राक्ष-डाळिंब ही झाडाची फळं, त्यांचा आशीर्वाद ‘बोरे पेरी हाएत्स’ने संपतो. केळ आपण झाडाचं फळ म्हणतो, पण केळीचं खोड दरवर्षी मरून नवं येतं, म्हणून त्याला जमिनीच्या पिकाचा ‘बोरे पेरी हाअदामा’ म्हणतात. सुवासाचा आशीर्वाद वेगळा. वयाने मोठ्या मुलांना प्रत्येकी एक आशीर्वाद वाटून द्या आणि आठवडाभर आधी द्या. आयत्या वेळी दिला की ते गडबडतात आणि वडीलधारी मधूनच म्हणून टाकतात.

पुरीमला हातचं राखू नका, हा मुलांचा सण आहे. मेगिल्लाच्या पहिल्याच ओवीत अहश्वेरोशचं राज्य ‘होदूपासून कूशपर्यंत’ १२७ प्रांतांवर होतं असं आहे. होदू म्हणजे हिंदुस्थान. आपल्या देशाचं नाव तिथे सापडलं की मुलं पुढचे दहाही अध्याय ऐकतात. मेगिल्ला रात्री आणि सकाळी दोनदा वाचायची असते. रात्री हिब्रूत आणि अधूनमधून मराठीत दोन वाक्यं गोष्टीची, असं ठेवलं तर चाळीस-पन्नास मिनिटांत होतं. पुरणपोळ्या, एकमेकांकडे पाठवायचं ताट, गरजूंना दान आणि जेवण, चारही गोष्टी मुलांकरवी व्हाव्यात.

पेसाहसाठी जमातीकडे मराठी हग्गादाची (पेसाहच्या रात्री वाचायच्या पुस्तकाची) मोठी ठेव आहे. हिब्रू आणि मराठी असलेली पहिली हग्गादा मुंबईत १८४६ मध्ये शिळाछापावर निघाली, पुण्याची सचित्र हग्गादा १८७४ ची. तिच्या चित्रांत मात्सा (बेखमीर रोट्या) करणाऱ्या बायका आपल्याकडच्या वेशात, जमिनीवर बसलेल्या आहेत. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी प्रार्थनांची मराठी भाषांतरं करून घरोघरी पोचवली. जुन्या आणि आजच्या मराठीतली ‘मा निश्तना’ या चार प्रश्नांची वाक्यं शेजारी ठेवून वाचा. एक तास कसा जातो कळत नाही. सेदेर, म्हणजे पेसाहच्या रात्रीचा विधी आणि जेवण, घराघरांत होऊ द्या. सिनेगॉगात त्याआधीच्या रविवारी फक्त तालीम: चार प्रश्न, दहा पीडांची नावं, खजुराचा गर शिजवून गाळून केलेला हारोसेथ.

किद्दूशसाठी लागणारं काळ्या मनुकांचं सरबत मुलांना याच वेळी शिकवा, ते वर्षभर उपयोगी पडतं. पाव किलो काळ्या मनुका धुऊन एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी पंधरा मिनिटं उकळा, कुस्करून स्वच्छ फडक्यातून पिळून घ्या. पाऊण लिटरच्या आसपास निघतं. किद्दूशच्या पेल्यात निदान ८६ मिलिलिटर हवं असतं, उरलेलं सर्वांना घोटघोट पुरतं. साखर घालायची गरज नाही. कोकणातल्या उकाड्यात बाहेर ठेवलं तर दुसऱ्या दिवशी फसफसतं, तेव्हा शुक्रवारी सकाळीच करा आणि थंडीत ठेवा.

पावसाळ्यात बैठका घरात घ्या, दोन आठवड्यांतून एक पुरे. बिरड्याचा रोजा जवळ आला की वाल आणा. आठ-दहा तास भिजवून, फडक्यात बांधून एक दिवस मोड, मग कोमट पाण्यात टाकून सोलायचे. सोलायला सगळे लागतात आणि सोलताना एखा म्हणजे विलापगीताची पाच प्रकरणं, दोन्ही मंदिरांच्या विध्वंसाची हकिगत मराठीतून सांगता येते. ही बैठक तिशा बेआवच्या आधी घ्या. त्या दिवशी उपास असतो आणि आनंद देणारा अभ्यास टाळतात. हिब्रू नाव विसरलं गेलं तरी भाजीच्या नावाने एक उपास शतकानुशतकं धरून ठेवला, ही गोष्ट मोठ्यांनाही हलवून जाते.

नव्याच्या सणासाठी चिकाचा हलवा. घरी गहू तीन दिवस भिजवून चीक काढला तर उत्तम, नाहीतर वाळवलेली चिकाची पूड. वाटीभर पुडीला सात वाट्या नारळाचं दूध, अडीच वाट्या साखर, चिमूट मीठ, वेलची, गुलाबी रंगाचे दोन थेंब. पूड आधी गार नारळाच्या दुधात पूर्ण विरघळवा, गरम दुधात टाकली की गुठळ्या होतात आणि त्या नंतर मोडत नाहीत. जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर तास-दीड तास ढवळत राहायचं. थेंब ताटलीवर टाकून गार झाल्यावर बोटाला चिकटला नाही आणि गोळा कडा सोडू लागला की थापायचा. घाईने उतरवलेला हलवा वड्या धरत नाही. आपल्या स्वयंपाकात नारळाचं दूध एवढं का आहे, हेही इथेच सांगा. मांसाच्या जेवणाबरोबर गाईचं दूध चालत नाही, नारळाचं चालतं. कोषेर (यहुदी नियमाने कापलेलं) मटण मिळत नसेल तर कार्यक्रमाचं जेवण शाकाहारी किंवा खवलं-पर असलेल्या माशांचं ठेवा: पापलेट, रावस, बांगडा. कोळंबी, तिसऱ्या, खेकडे, मुशी सिनेगॉगाच्या आवारात येऊ देऊ नका.

इतिहासासाठी पुस्तकापेक्षा कब्रस्तान चांगलं शिकवतं. दगडांवर हिब्रू आणि मराठी दोन्ही आहे, कधी शकही. मुलांना हिब्रू वर्ष काढायला द्या. अक्षरांना अंक असतात: तव ४००, रेश २००, लामेद ३०, तेत ९. दगडावर ही चार अक्षरं असतील तर ६३९. पाच हजार बहुधा लिहीत नाहीत, म्हणजे ५६३९. ६३९ मध्ये १२४० मिळवले की १८७९, ठाण्याचं शाआर हश्शामाइम सिनेगॉग बांधलं गेलं ते वर्ष. हिब्रू वर्ष शरदात सुरू होतं, त्यामुळे तिशरी ते तेवेतपर्यंतच्या तारखांना एक वर्ष आधीचं येऊ शकतं. शक दिला असेल तर त्यात ७८ मिळवून ताळा पाहा. दगड साफ करायला फक्त साधं पाणी आणि मऊ ब्रश. आम्ल, तारेचा ब्रश, खडू घासणं याने संगमरवर कायमचा खराब होतो. अक्षरं पुसट असतील तर सकाळी आठच्या सुमारास, बाजूने पडणाऱ्या उन्हात फोटो घ्या, दुपारी वरून ऊन आलं की काही दिसत नाही. निघताना सगळ्यांनी हात धुवायचे.

मुंबईची फेरी करायची तर मस्जिद स्टेशनपासून सुरू करा. स्टेशनचं नाव जवळच्या शाआर हारहमीम सिनेगॉगावरून पडलं असं मानतात. आपली मंडळी सिनेगॉगाला मशीदच म्हणत, आणि सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी १७९६ मध्ये उभारलेलं हे मुंबईतलं पहिलं. पुढे भायखळ्याचं मागेन डेविड आणि काळाघोड्याचं १८८४ चं केनेसेथ एलियाहू ही बगदादी यहुद्यांतल्या ससून घराण्याची. आपली आणि त्यांची परंपरा वेगळी होती, ते मुलांना स्पष्ट सांगा. प्रत्येक ठिकाणी आठवडाभर आधी लेखी परवानगी आणि सर्वांची ओळखपत्रं लागतात असं धरून चला. २००८ नंतर सुरक्षा कडक आहे आणि फोटोही विचारूनच.

आज्यांची गाणी मात्र पहिल्याच महिन्यात मुद्रित करा, ते काम पुढे ढकलू नका. पंखा बंद, खिडकी बंद, फोन विमान मोडवर आणि तोंडापासून वीतभर. आधी गाणं न थांबवता पूर्ण, मग शब्द सावकाश, मग कुठल्या प्रसंगाला म्हणत ते. मेंदीच्या रात्री, पाळण्याला, लग्नात. नवरदेव म्हणतो ते ‘योनाती झिव’ प्रत्येक घरच्या चालीत घ्या. वही असेल तर तीनशे डीपीआयने स्कॅन करून मूळ वही त्याच दिवशी परत द्या. कुणाला ऐकवायचं, कुणाला नाही हे त्यांच्याच आवाजात मुद्रणाच्या शेवटी विचारून घ्या.

अर्धवट राहिलेली गाणी पुष्कळदा इस्राएलमधल्या दिमोना, लोद, अश्दोद, बीरशेबा इथल्या नातेवाइकांना पूर्ण येतात. त्यांच्याशी महिन्यातून एकदा व्हिडिओवर बैठक ठेवा. वेळ चुकली की ही बैठक पडते: तिथे रविवार कामाचा दिवस असतो, सुट्टी शुक्रवार-शनिवारी, आणि त्यातला शब्बाथ चालत नाही. रविवारी रात्री साडेनऊला इथे बसा, तेव्हा तिथे हिवाळ्यात संध्याकाळचे सहा आणि उन्हाळ्यात सात वाजलेले असतात. पहिल्या वेळी तुमच्याकडचं अर्धं गाणं म्हणून थांबा, बाकीचं तिकडून येईल.